परतीच्या वाटेचं भाडं आधी विचारा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या अंकाचा साचा ठरलेला असतो. पहिल्या पानावर एकमेकींना पेढे भरवणाऱ्या मुली, आतल्या पानांवर क्लासच्या जाहिरातींत टिकलीएवढे फोटो आणि प्रवेशाचं वेळापत्रक कुठंतरी खालच्या कोपऱ्यात. तोवर घराघरांत निर्णय होऊनही गेलेला असतो. पेढे खायला आलेले मामा सांगून जातात, "सायन्सला घाला, सगळी दारं उघडी राहतात."

आम्ही कोल्हापुरातले काही शिक्षक हे पत्र त्या एका वाक्यामुळं लिहितोय. वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. दार उघडं आहे एवढंच ते सांगतं. आत गेल्यावर जमलं नाही तर मागं फिरायला किती महिने आणि किती रुपये लागतील, ते सांगत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी पुढं काय व्हायचंय हे फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि ठाऊक नसण्यात काही वावगंही नाही. पण परतीचं भाडं मात्र त्या वयातही काढता येतं, कागदावर, बेरीज-वजाबाकीनं. ते कसं काढायचं, एवढंच सांगायचं आहे. पत्र लांबणार आहे, सांभाळून घ्यावं.

सायन्सपासूनच सुरू करू. बारावी सायन्सनंतर कला, वाणिज्य, कायदा काहीही घेता येतं. गणित असेल तर इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. अकरावी कॉमर्सच्या मुलाला मागाहून बारावीच्या जोरावर इंजिनिअरिंगच्या पदवीकडं वळता येत नाही. इथपर्यंत मामा बरोबर. पण ही दारं बारावी चांगली पास झालेल्याला उघडी असतात. फिजिक्स आणि गणितात अडकलेल्या मुलाला बारावीनंतर कॉमर्सच्या पास मुलापेक्षा कमी दारं उरतात, हे निकालाच्या दिवशी कुणी बोलत नाही.

म्हणून गुणपत्रिका नीट वाचायला शिकलं पाहिजे. 'बेस्ट ऑफ फाइव्ह'मुळं सगळ्यात कमी गुणांचा विषय टक्केवारीतून गळतो. गणितात ४५ असले तरी एकूण ७४ टक्के दिसू शकतात. तेव्हा टक्केवारी बाजूला ठेवा, गणित आणि विज्ञान हे दोनच आकडे बघा. त्यातही १००पैकी २० गुण शाळेच्या हातातले, अंतर्गत मूल्यमापनाचे. ते बहुतेकांना १७-१८ पडलेले असतात. म्हणजे गणितातले ५८ हे खरं तर ८०पैकी ४० आहेत, निम्मे. लेखी परीक्षेत निम्मे गुण मिळवणारा मुलगा अकरावीच्या गणिताला पहिल्या तिमाहीतच दमतो. आमचा ठोकताळा असा : लेखी ८०पैकी गणितात ५०च्या खाली असेल आणि तरी सायन्सच घ्यायचं असेल, तर निकाल ते कॉलेज सुरू होणं या मधल्या आठवड्यांत नववी-दहावीचं बीजगणित आणि त्रिकोणमिती पुन्हा पक्की करायची. तेवढी तयारी नसेल तर वाट बदलायची. तो मुलगा कमी हुशार आहे, असा याचा अर्थ नाही. त्याच्या घरानं दोन वर्षांचं भाडं आधीच भरून ठेवायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे.

अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष, हा समज सगळ्यात महाग पडतो. राज्याच्या सीईटीत २० टक्के भाग अकरावीचा असतो आणि नीटमध्ये तर अकरावी-बारावी दोन्हींचा अभ्यासक्रम धरलेला असतो. 'इंटिग्रेटेड' नावाची जी सोय निघाली आहे, तिच्यात कॉलेज कागदावर आणि शिकवणी क्लासमध्ये. ज्याला झेपतं त्याला झेपतं. पण डिसेंबरमध्ये एखाद्याच्या लक्षात आलं की क्लासचा वेग आपल्याला जमत नाही, तर मागं वळून जायला त्याच्याजवळ कॉलेजच उरलेलं नसतं. तिथं ना तास झालेले, ना प्रयोगशाळेत पाय ठेवलेला. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीचे प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात हे त्याला जानेवारीत कळतं. क्लास निवडताना तो किती मुलं वर काढतो हे सगळे विचारतात. तुम्ही विचारा, मध्येच सोडल्यास किती पैसे परत मिळतात, आणि उत्तर पावतीच्या मागं लिहून घ्या.

आता डिप्लोमा. "आधी बारावी करू दे, मग बघू" असं म्हणताना एक हिशेब राहून जातो. दहावीनंतर दोन वर्षं बारावी आणि चार वर्षं पदवी, एकूण सहा. दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन तीन वर्षं पदवी, हेही सहा. वर्षं सारखीच लागतात. फरक मधल्या थांब्याचा आहे. डिप्लोमावाल्याला तिसऱ्या वर्षाअखेर उतरून नोकरी धरता येते आणि पदवी पुढं ढकलता येते. बारावीवाल्याला दुसऱ्या वर्षाअखेर उतरायला स्टँडच नाही. डिप्लोमाची अडचण दुसरीकडं आहे. थेट दुसऱ्या वर्षाला गेल्यावर गणिताचा जो पेपर येतो त्याचा पाया पदवीच्या पहिल्या वर्षात घातलेला असतो, आणि डिप्लोमाच्या मुलानं ते वर्ष केलेलंच नसतं. सलग केटी लागतात, म्हणजे विषय राहतात, ते इथं. उपाय साधा आहे : डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन आणि मॅट्रिक्स एवढे तीन भाग करून जायचे.

आयटीआयबद्दल बोलताना लोक अजून आवाज खाली आणतात. दहावीत कमी पडलेल्यांची जागा, असं म्हणतात. प्रत्यक्षात दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो आणि तिथून पदवीच्या दुसऱ्या वर्षात. दोन, दोन आणि तीन मिळून सात वर्षं. म्हणजे इंजिनिअर व्हायला एकच वर्ष जास्त लागतं आणि वाटेत दोन ठिकाणी कमावण्याजोगं प्रमाणपत्र हातात पडतं. मात्र ट्रेड बघून घ्या. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे. वेल्डर, फाउंड्रीमन एक वर्षाचे. पुढं शिकायचं मनात असेल तर एका वर्षाच्या ट्रेडवर थेट दुसऱ्या वर्षाची ही वाट मिळत नाही, आणि प्रवेशाच्या रांगेत ते कुणी सांगत नाही. हजेरी ८० टक्के भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. ऊसतोडीच्या हंगामात गावाकडं जाऊन राहणाऱ्या मुलांचं वर्ष बुडतं ते नेमकं यामुळं.

कुठल्या चुकीतून मागं फिरता येतं आणि कुठल्या नाही, हा फरक आपल्याकडच्या गुऱ्हाळावर डोळ्यांनी बघता येतो. काहिलीतला रस आटत १०५ अंशांच्या आसपास आला की काकवी होते. गुळासाठी तोच पाक ११८ अंशांपर्यंत न्यावा लागतो. गुळव्या थर्मामीटर बघत नाही. थोडा पाक थंड पाण्यात सोडतो आणि बोटांनी गोळी वळते का बघतो. काकवीच्या टप्प्यावर अंदाज चुकला तर आणखी आटवता येतं. गुळाच्या टप्प्यापुढं दोन मिनिटं गेली तर पाक करपतो, आणि करपलेल्याचं पुन्हा काही होत नाही. म्हणून गुळव्या तासभर गप्पा मारत जाळ घालतो आणि शेवटची काही मिनिटं कुणाशी बोलत नाही. आपण उलटं करतो. शाखा कुठली, कॉलेज कुठलं यावर महिनाभर भांडतो आणि क्लासचे दीड लाख एका सहीत भरून मोकळे होतो.

फॉर्म भरताना होणाऱ्या चुका वेगळ्याच जातीच्या आहेत. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले, त्यामुळं आता शाहूवाडीच्या मुलालाही तोच फॉर्म आणि तेच नियम. पहिल्या भागात माहिती, दुसऱ्या भागात जास्तीत जास्त दहा पसंतीक्रम. बहुतेक पालक गेल्या वर्षीचा कटऑफ बघून क्रम लावतात, म्हणजे 'मिळेल ते' वर आणि 'हवं ते' खाली. हे पूर्ण उलटं. यंत्रणा तुमच्या यादीत वरून खाली येते आणि तुमच्या गुणांना जिथं पहिली जागा मिळते तिथं थांबते. अवघड कॉलेज वर टाकल्यानं खालचं हातचं जात नाही. पण पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. मग पहिल्या क्रमांकावर नुसतं नावाजलेलं नाही, तर जिथं खरोखर रोज जाता येईल ते लिहायचं. डिप्लोमा आणि पदवीलाही पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की जागा आपोआप पक्की होते, त्याला ऑटो फ्रीझ म्हणतात. "सहज म्हणून टाकलं होतं" हे वाक्य जुलैमध्ये आम्ही फार ऐकतो.

'रोज जाता येईल' हा शब्दप्रयोग मुद्दाम केला आहे. गगनबावडा, राधानगरी, भुदरगडकडून शहरात येणाऱ्या मुलाला एका बाजूला दीड तास लागतो असं धरा. दिवसाला तीन तास, वर्षाला २२० दिवस, म्हणजे ६६० तास एसटीत. एवढ्या तासांत एखादा विषय मुळापासून होतो. फॉर्म भरण्याआधी एका आड दिवशी, सणासुदीला नव्हे, त्याच वेळी त्याच गाडीनं जाऊन-येऊन बघावं. शेवटची गाडी कितीला सुटते आणि प्रात्यक्षिकाची बॅच कितीला संपते हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. ते जुळत नसतील तर एकतर खोली, नाहीतर जवळचं कॉलेज. दिशा निवडायला आधी राहायला जागा लागते, हे या गावात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं तेव्हाच ओळखलं होतं. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम १९१७चा. वसतिगृह त्याच्या सोळा वर्षं आधी. आज शासकीय वसतिगृहं आहेत, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, पण त्यांचे अर्ज लोक प्रवेश झाल्यावर शोधायला लागतात.

कागदांचंही तेच. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाइल हे मे महिन्यातच काढून ठेवावेत. जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, तेव्हा ज्याला व्यावसायिक अभ्यासक्रमाकडं जायचंय त्यानं अर्ज अकरावीतच करावा. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत शिक्षण शुल्काची ५० टक्के सवलत मिळते. २०२४-२५ पासून मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ती १०० टक्के आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. संस्थास्तरावरच्या जागेवर बसलात तर ही सवलत नाही. फेरीत दुसऱ्या गावचं कॉलेज लागलं म्हणून ते सोडून घराजवळ व्यवस्थापन कोट्यातून जागा घेणारे पालक चार वर्षांची सवलत एका दुपारी सोडून देतात, आणि बहुतेकांना ते नंतर कळतं.

पैशाचा विचार इथं ऊस आणि दुधाच्या वेळापत्रकावर करावा लागतो. दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, त्यावर घर चालतं. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, कायद्यानं ऊस कारखान्याला घातल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवी, पण कारखाना मुळात पेटतो दिवाळीच्या मागं-पुढं. फी मात्र जून ते ऑगस्टमध्ये भरायची असते, नेमकी खताच्या हप्त्याच्या वेळी. मग सोनं गहाण पडतं किंवा हातउसने घेतले जातात. त्यामुळं कॉलेजला फीची रक्कम विचाराल तशाच हप्त्यांच्या तारखाही विचारा. दुसरा हप्ता डिसेंबरनंतर चालत असेल, तर तेवढ्यावरूनही दोन सारख्या कॉलेजांतलं एक निवडावं, आम्हाला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर हा हिशेब एकदा हातानं करून बघा. चार वर्षांच्या पदवीसाठी दरवर्षी सव्वा लाख, एकूण ५ लाख, व्याज १० टक्के. शिकताना आणि नंतरच्या एका वर्षात हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. पहिल्या सव्वा लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. सरळ व्याजानंसुद्धा १ लाख ७५ हजार होतात. म्हणजे हप्ता सुरू होतो तो पावणेसात लाखांवर. सात वर्षांच्या मुदतीनं महिन्याला सुमारे ११,२०० रुपये. हप्ता सुरू होईपर्यंत नुसतं व्याज भरत गेलात तर हाच हप्ता सुमारे ८,३०० वर येतो. आता त्या शाखेतून पहिल्या नोकरीत हातात किती येतं ते विचारा. हातात, पॅकेज नव्हे. पॅकेजमध्ये मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटाही धरलेला असतो आणि कामगाराचे १२ टक्के कापले जातात. मूळ पगार १५,००० असेल तर १,८०० तिथंच गेले. उरलेल्यात पुण्यातलं खोलीभाडं आणि हा हप्ता बसत नसेल, तर तो रस्ता वाईट म्हणून नाही, पण या भाड्यात परवडत नाही म्हणून बाजूला ठेवायचा.

आणि प्रवेश घेतल्यावरही एक तारीख लक्षात ठेवायची असते. तांत्रिक अभ्यासक्रमांना ठरलेल्या अंतिम तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीची फी परत मिळते, असा एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचा, नियम आहे. तारीख उलटली की हा हक्क गेला. मूळ दाखले अडवून ठेवायचा अधिकार कुठल्याही कॉलेजला नाही. इतकं साधं, पण घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर या तारखेला लाल गोल केलेला फार क्वचित दिसतो.

आता आवडीबद्दल. मुलाला काय आवडतं ते विचारा, असं सगळेच सांगतात. पण जे पाहिलंच नाही ते आवडेल कसं? राज्य मंडळानं २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. तशा चाचणीतून मुलाला ठाऊक असलेल्या गोष्टींपैकी काय बरं वाटतं एवढं कळतं. त्याच्या उपयोगाला तेवढीच मर्यादा. बोटांच्या ठशांवरून मेंदूचा कल सांगणारी जी दुकानं निघाली आहेत, त्यांना तर शास्त्रीय आधारच नाही. त्यांना दिलेले पाच-सात हजार ताराराणी चौकात उभं राहून वाऱ्यावर सोडले तरी तेवढीच माहिती मिळेल.

त्यापेक्षा तीन दिवस काम बघायला पाठवा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची एमआयडीसी, शिवाजी उद्यमनगर, कुठंही ओळख निघते. मशीनला हात लावायचा नाही, सुरक्षेचे बूट घालायचे आणि पाळी सुरू होताना जायचं, साहेब आल्यावर नव्हे. काय बघायचं तेही सांगून ठेवतो. व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकी मशीनवर, ऑपरेटर जॉब (घडवायचा तुकडा) व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, धरतो, दार लावतो, सायकल स्टार्ट दाबतो, दार उघडतो, हवा मारतो, जॉब काढून कडेची बर (धारदार कोर) घासतो. पुन्हा तेच, दिवसभर, उभ्यानं. त्याच्या शेजारी सेटर असतो, तो टूल बदलला की ऑफसेट, म्हणजे माप जुळवणारा आकडा, मशीनमध्ये टाकतो. पहिला नग निघाला की मायक्रोमीटरवर मोजतो. त्यावर एक घर म्हणजे ०.०१ मिलिमीटर. माप बाहेर असेल तर तो नग लाल ट्रेमध्ये जातो आणि सेटर पुन्हा ऑफसेटचा आकडा बदलतो. ऑपरेटर आणि सेटर यांच्या पगारात आणि भवितव्यात जो फरक पडतो, तो या आकड्यात आहे. पहिल्या दिवशी सगळ्या मुलांना मशीन आवडतं, त्याला किंमत देऊ नका. तिसऱ्या दिवशी घरी येऊन तो काय बोलतो ते ऐका. कूलंटच्या वासाबद्दल, पाय दुखल्याबद्दल बोलला तर ठीक, तेही खरंच आहे. पण "तो नग लाल ट्रेमध्ये का टाकला" असं त्यानं तिथं कुणाला तरी विचारलं असेल, तर या कामात त्याचं डोकं चालणार आहे.

हे फक्त कारखान्यापुरतं नाही. हुपरीत चांदीच्या कारागिराकडं बसायला पाठवा, सीएच्या ऑफिसात विवरणपत्रांच्या शेवटच्या आठवड्यात पाठवा, पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी सातला पाठवा. विचारायला तीन प्रश्न पुरे. पहिले सहा महिने काय करावं लागतं? लोक हे काम कशामुळं सोडतात? आणि चाळिशीचा माणूस इथं काय करतो? तिसऱ्याचं उत्तर देताना समोरचा थांबला, तर त्या थांबण्याचीही नोंद करा.

पदवीनंतरचा मोठा घोळका स्पर्धा परीक्षांचा. अभ्यासिकांतून रात्री दहाला सायकली बाहेर पडताना दिसतात ती मुलं कष्टाळू आहेत, त्याबद्दल शंका नाही. चूक होते ती थांबायची तारीख न ठरवण्यात. राज्यसेवेला खुल्या गटात ३८ आणि मागास प्रवर्गात ४३ वर्षांची मर्यादा आहे म्हणून तोपर्यंत वाट बघायची, असा अर्थ मुलं काढतात. वयाची अट हा आयोगाचा नियम आहे, तुमचं नियोजन नव्हे. शिवाय परीक्षाही बदलते. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, १,७५० गुणांची, आणि मुलाखत २७५ची. बहुपर्यायी प्रश्नांवर पाच वर्षं घासलेल्या मुलाला आता पानंच्या पानं लिहावी लागतात, आणि लिहायची सवय सहा महिन्यांत येत नाही.

इथं आमचं सांगणं असं. तयारी सुरू करतानाच एका कागदावर किती पूर्वपरीक्षा देणार, शेवटची कोणत्या वर्षी, महिन्याचा खर्च कोण देणार आणि त्यानंतर काय, हे लिहून घरच्यांच्या सह्या घ्यायच्या. आमच्या मते तीन पूर्वपरीक्षा पुष्कळ झाल्या. तीनमध्ये एकदाही मुख्य परीक्षेपर्यंत पोचला नाही तर चौथी द्यायचं कारण लेखी मागायचं. दर महिन्याला सराव परीक्षेचे गुण त्याच कागदावर. सहा महिने आकडा हलला नाही तर पद्धत बदलायची, पुस्तकं नव्हे. जास्त करून मुलं इथं नवीन पुस्तक आणतात.

दुसरं, जी दारं आधी बंद होतात ती आधी ठोठवायची. अग्निवीरचं दार साडेसतराव्या वर्षी उघडतं आणि विशीच्या सुरुवातीलाच बंद होतं. पोलीस शिपाई भरतीला खुल्या गटात २८, मागास प्रवर्गात ३३. राज्यसेवेला त्याच्याही पुढं. बरीच मुलं राज्यसेवेपासून सुरू करतात आणि तिशी जवळ आली की पोलीस भरतीचा विचार करतात, तेव्हा वय गेलेलं असतं किंवा १,६०० मीटर पळायचं शरीर गेलेलं असतं. अग्निवीरचा विचार करणाऱ्यानंही चार वर्षांनी काय, हे आजच लिहावं. तुकडीतल्या २५ टक्क्यांपर्यंतच पुढं कायम सेवेत घेतात. बाकीचे पंचविशीच्या आसपास सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख घेऊन घरी येतात. त्या पैशाची योजना नसेल तर ते मोटारसायकल आणि बहिणीच्या लग्नात जातात. बहिणीचं लग्न व्हायला हवंच, पण आधी बोलून ठेवलेलं बरं.

घरातल्या बैठकीबद्दल थोडं. बोलायला बसण्याआधी प्रत्येकानं आपलं मत स्वतंत्र कागदावर लिहावं, मुलानंही, आजीनंही. मग धाकट्यानं आधी वाचायचं, वडिलांनी शेवटी. कारण साधं आहे, वडील बोलले की बाकीचे कागद घडी घालून खिशात जातात. पाहुणे असताना ही बैठक घेऊ नये. निवडीआधी नकार लिहावा, म्हणजे काय अजिबात चालणार नाही ते : घर सोडून राहणं, कर्ज, रात्रपाळी, जे असेल ते. त्यातून जे उरतं ते बहुधा दोन-तीनच असतं. प्रत्येकापुढं दोनच आकडे लिहायचे, एका वर्षानं मागं फिरावं लागलं तर किती महिने बुडतील आणि किती रुपये. समजा एका मुलाला गणितात ५८ आहेत, घरी दीड एकर ऊस आहे. सायन्स आणि क्लास : एक वर्ष आणि साठ-सत्तर हजार. शासकीय तंत्रनिकेतनातला डिप्लोमा : एक वर्ष आणि त्या वर्षाची फी, खोली. शासकीय आयटीआयचा मशिनिस्ट : एक वर्ष, आणि पैसे म्हणावेत तर एसटीच्या पासाचे. तिन्हींत महिने तेच आहेत, रुपये नाहीत. तरीही मुलाला सायन्सच हवं असेल तर द्यावं, फक्त पहिल्या सहामाहीच्या निकालाचा दिवस फेरविचाराचा म्हणून त्याच दिवशी ठरवावा. नंतर ठरवू म्हटलं की तो दिवस येत नाही.

संपादकसाहेब, शेवटी एक मागणं आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर एक छोटी चौकट द्यावी. तीत अकरावी, आयटीआय आणि तंत्रनिकेतनाच्या अर्जांच्या शेवटच्या तारखा, कुठल्या ट्रेडवरून पुढं कुठं जाता येतं त्याच्या चार ओळी आणि पुरवणी परीक्षेच्या अर्जाची मुदत असावी. एक-दोन विषयांत राहिलेल्यांना एटीकेटीवर अकरावीत जाता येतं, हेही त्यात असावं. ते ठाऊक नसल्यामुळं दरवर्षी काही मुली घरी बसवल्या जातात. जागा कमी पडत असेल तर बाकीचं गाळा, पण प्रवेश रद्द करण्याची अंतिम तारीख जाहीर होईल त्या दिवशी ती मोठ्या टायपात छापा.

आपले,
काही निवृत्त माध्यमिक शिक्षक, आयटीआयचे शिल्प निदेशक व तंत्रनिकेतनातील अध्यापक,
कोल्हापूर